टोचून घ्यायला कोण तयार आहे?

परळला हाफकिन इन्स्टिट्यूट आहे. केईएम किंवा टाटा हॉस्पिटलला कधी जावं लागलं असेल, तर तुम्ही त्या परिसरातून गेलेला असणार. सर्पदंशावरचं औषध आणि पोलिओचे डोस यांमुळे हे नाव महाराष्ट्रात बहुतेकांच्या कानावर असतं. पण हाफकिन हे एका माणसाचं आडनाव आहे हे पुष्कळांना ठाऊक नसतं. ज्यांना ठाऊक असतं त्यांना एकच गोष्ट माहीत असते : या माणसाने प्लेगची लस शोधली आणि ती आधी स्वतःला टोचून घेतली. शाळेच्या पुस्तकात शोभावी अशी ही गोष्ट आहे आणि ती खरीही आहे. मला मात्र बरीच वर्षं तिच्या पुढचा भाग छळतो आहे. स्वतःला टोचून झाल्यावर पुढची सुई कोणाला? त्याला कोणी विचारलं, काय सांगितलं, आणि काही बिनसलं असतं तर तो कोणाकडे गेला असता?

वाल्डेमार हाफकिन १८६० साली ओडेसात जन्मला. तो ज्यू होता, आणि डॉक्टर नव्हता, प्राणिशास्त्रज्ञ होता. पुढे ज्या राज्यात तो काम करायला आला तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना या दोन्ही गोष्टी खुपत राहिल्या. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्याने कॉलऱ्याची लस तयार केली आणि जुलै १८९२ मध्ये ती स्वतःवर वापरून पाहिली. पुढच्या वर्षी तो भारतात आला आणि उत्तर भारत, कलकत्त्याच्या बस्त्या, आसामचे चहाचे मळे असा फिरत हजारो लोकांना टोचत राहिला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना प्लेगचा रोगी सापडला, आणि ऑक्टोबरात हाफकिनला कलकत्त्याहून मुंबईला पाठवण्यात आलं.

त्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात लहानशी जागा मिळाली. मदतीला एक कारकून आणि दोन-तीन शिपाई. प्रयोगशाळा म्हणावी असं काही नव्हतं. तिथे त्याने प्लेगचे जंतू मांसाच्या पाण्यात वाढवले. कोणाच्या धर्माला बाध येऊ नये म्हणून गाय आणि डुक्कर दोन्ही वगळून बोकडाचं मांस वापरलं. या पाण्यावर तो तुपाचे थेंब सोडायचा. होय, आपलं साजूक तूप. तुपाच्या थेंबांना धरून जंतूंच्या वसाहती छताला लोंबणाऱ्या कोळिष्टकांसारख्या खाली वाढत जायच्या. मग बाटली हलवायची, त्या खाली पडल्या की पुन्हा वाढू द्यायच्या. पुरेशा झाल्या की उष्णतेने जंतू मारायचे आणि वर थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं. हे कार्बोलिक लक्षात ठेवा, त्याच्यावरून पुढे रामायण झालं.

सशांवर लस चालली. १० जानेवारी १८९७ ला हाफकिनने स्वतःला डोस टोचून घेतला, आणि तोही नंतर लोकांना दिला त्याच्या काही पट मोठा. ताप आला, टोचल्या जागी ठणका लागला, पण तो हिंडत-फिरत राहिला.

याचं मोल मी कमी करत नाही. पण यातून सिद्ध काय झालं? लस टोचल्याने माणूस मरत नाही, एवढंच. लस प्लेग थांबवते का, हे एका माणसावरून कळत नाही, विशेषतः त्या माणसाला प्लेग झालेलाच नसताना. त्यासाठी अशी जागा हवी जिथे प्लेग पसरतो आहे, माणसं एकसारखं खातात-पितात, पळून जात नाहीत आणि रोज मोजता येतात. शिवाय त्यांतल्या काहींना टोचायचं नाही, म्हणजे तुलना करता येईल.

अशी जागा जवळच होती. भायखळ्याचा तुरुंग.

जानेवारीच्या अखेरीस त्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारीला हाफकिन तिथे गेला. कैद्यांना लसीची माहिती देण्यात आली आणि कोण टोचून घ्यायला तयार आहे असं विचारण्यात आलं. दीडशेच्या वर कैदी पुढे आले. त्याच दिवशी जे आजारी पडले त्यांना आधीच लागण झालेली होती असं मानून हिशेबातून वगळलं. मग उरलेला हिशेब असा : न टोचलेले १७२, त्यांतल्या १२ जणांना प्लेग झाला आणि ६ गेले. टोचलेले १४७, त्यांतल्या दोघांना प्लेग झाला आणि दोघंही वाचले.

आकडे लहान आहेत, पण आज वाचतानाही अंगावर काटा येतो. लस चालत होती.

‘कैद्यांनी स्वेच्छेने टोचून घेतलं’ हे वाक्य या प्रसंगाच्या बहुतेक वर्णनांत येतं आणि लेखक पुढे जातात. मी तिथेच अडकते. तुरुंगातली स्वेच्छा म्हणजे काय? समोर प्लेगचं प्रेत उचललं गेलंय, बाहेर जायची सोय नाही, आणि विचारणाऱ्या साहेबाशेजारी तुरुंगाचा अधिकारी उभा आहे. उद्याची भाकरी, कामाची वाटणी, शिक्षेतली सूट हे सगळं त्याच्या हातात. अशा वेळी वर गेलेला हात मनापासूनचा होता की भीतीचा, हे कोणाला ओळखता येणार?

तरीही एक बाजू हाफकिनच्या पदरात टाकायलाच हवी. त्याच वर्षी सरकार बाकी काय करत होतं ते आठवा. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. पुण्यात रँडच्या हाताखाली गोरे सोल्जर घराघरांत शिरून झडत्या घेत होते, माणसांना ओढून छावण्यांत नेत होते, सामान जाळत होते. २२ जूनच्या रात्री चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या त्यामागे हे सगळं होतं. प्लेगच्या नावाने जे जे झालं त्यात लस ही जवळपास एकटी गोष्ट अशी होती की जी घ्यायची की नाही हे माणसाला विचारलं जात होतं. लोक अफवांनी धास्तावलेले असताना, तरुण आगाखानांनी लोकांदेखत टोचून घेतलं आणि त्यांच्या खोजा समाजातले हजारो लोक पुढे आले. सक्ती केली तर लस मरेल, ही समज हाफकिनला होती. तेव्हा त्याला रँडच्या रांगेत बसवणं अन्यायाचं होईल.

कोणी म्हणेल, सव्वाशे वर्षांपूर्वीच्या माणसांना आजच्या मोजपट्टीने का मोजायचं? संमती-बिमती तेव्हा कोणाच्या डोक्यात होती? हा आक्षेप मला एके काळी पटायचा. पण तो खरा नाही. १८९८ मध्ये ब्रेस्लाउच्या अल्बर्ट नायसर या नामांकित डॉक्टरने आपल्या प्रयोगाची माहिती छापली : सिफिलिसच्या रोग्यांच्या रक्तातला द्रव त्याने दवाखान्यात दुसऱ्याच कारणांसाठी आलेल्या मुलींना आणि वेश्यांना न विचारता टोचला होता. वर्तमानपत्रांनी ओरड केली, प्रकरण संसदेत गेलं, त्याला दंड झाला, आणि डिसेंबर १९०० मध्ये प्रशियाच्या सरकारने हुकूम काढला की उपचाराशी संबंध नसलेला कुठलाही प्रयोग माणसाला त्याचे दुष्परिणाम नीट सांगून, त्याची स्पष्ट संमती घेतल्याशिवाय आणि अल्पवयीनांवर करायचाच नाही. त्याच वर्षी क्यूबात वॉल्टर रीडच्या अमेरिकन पथकाने पीतज्वराच्या प्रयोगात येणाऱ्या स्पॅनिश मजुरांशी लेखी करार केले, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये. १०० डॉलर सोन्यात, आणि आजारी पडलास तर आणखी १००. त्या करारातही चलाखी होती. या बेटावर राहिलास तर हा ताप तुला तसाही चुकणार नाही, असं त्यात लिहिलेलं होतं. पण कागद होता. म्हणजे प्रश्न तेव्हाच्या जगालाही पडला होता. फक्त कोणाच्या बाबतीत तो विचारायचा आणि कोणाच्या बाबतीत नाही, हे ठरलेलं होतं.

आणि म्हणून मला भायखळ्यापेक्षा उंडेरा जास्त अस्वस्थ करतं.

उंडेरा हे बडोद्याजवळचं गाव, गायकवाडांच्या संस्थानातलं, वस्ती हजाराच्या आसपास. १८९८ च्या फेब्रुवारीत तिथे प्लेग होता. हाफकिनने तिथे जी चाचणी केली तिचं नाव अजून साथरोगशास्त्राच्या इतिहासात निघतं, कारण ती फार हुशारीने आखलेली होती. टोचून घ्यायला जे आपण होऊन येतात ते मुळात वेगळे असू शकतात, जास्त शिकलेले, जास्त खाऊन-पिऊन असलेले, हवेशीर घरांतले. मग लसीने वाचले की घराने, हे कसं कळणार? हाफकिनने त्यावर उपाय काढला. घराघराची माणसं एकत्र बोलावली आणि प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्यांनाच टोचलं. पुरुष, बायका, पोरं, सगळ्यांत निम्मी. घर तेच, चूल तीच, उंदीरही तेच. फरक फक्त सुईचा.

काही आठवड्यांनी घरोघर जाऊन मोजणी झाली. प्लेगने टोचलेल्यांतले ३ गेले होते आणि न टोचलेल्यांतले २६.

मी हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला आकडे दिसलेच नाहीत, ओसरी दिसली. एका घरची माणसं रांगेत बसली आहेत. थोरल्याला टोचलं, धाकट्याला नाही. सासूला टोचलं, सुनेला नाही. त्या सुनेला काय सांगितलं असेल? की ‘तुला मुद्दाम सोडलं आहे, तू मेलीस तर आम्हाला कळेल की सासू लसीमुळे वाचली’?

इथे घाईने हाफकिनला खलनायक करू नये. तुलना केल्याशिवाय औषध कळत नाही. याच साथीत प्लेगचा जंतू ज्याच्या नावाने ओळखला जातो तो यर्सिन आपला रक्तद्रव घेऊन मुंबईत आला होता. मोठी आशा होती, आणि हाती फारसं काही लागलं नाही. मोठ्या नावाच्या माणसाचं औषध म्हणून ते तसंच हजारोंना टोचत बसले असते तर? न टोचलेल्यांची गणती केली नाही तर बरी होणारी प्रत्येक व्यक्ती औषधाचंच यश वाटते. करोनाच्या पहिल्या वर्षी काढ्यांचं काय झालं ते आपण पाहिलंच आहे.

पण १८९८ च्या फेब्रुवारीत हाफकिनकडे भायखळ्याचे आकडे होते, त्यानंतर एक वर्षभरात टोचलेल्या हजारोंचा अनुभव होता. त्याची स्वतःची खात्री पटलेली होती. खात्री पटायची होती ती सरकारची आणि सरकारी डॉक्टरांची, ज्यांना हा परदेशी, बिगरडॉक्टर माणूस आवडत नव्हता. म्हणजे शंका कलकत्त्या-मुंबईच्या कचेऱ्यांत होती आणि ती फिटली उंडेऱ्यातल्या २६ माणसांवर. आज अशा चाचणीत एक स्वतंत्र मंडळ आकडे मधूनमधून उघडून पाहतं. फरक इतका ठळक दिसू लागला तर चाचणी मध्येच थांबवून उरलेल्यांना लस द्यायची सोय असते. उंडेऱ्यात अधिकारी हजर होते, पण ते मोजणी चोख होते आहे ना हे बघायला. गावाच्या बाजूने बघणारं तिथे कोणी नव्हतं.

१० ऑगस्ट १८९९ ला हाफकिनची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. ज्या दालनांत गव्हर्नरांच्या मेजवान्या झाल्या तिथे आता बाटल्या भरल्या जाऊ लागल्या. १९०२ मध्ये पंजाबात प्लेग बेफाम झाला आणि तिथल्या सरकारने लाखो लोकांना टोचायची मोहीम आखली. मागणी एवढी की जुन्या पद्धतीने लस पुरेना. तेव्हा परळला पद्धत बदलली. कार्बोलिक ॲसिड वगळलं आणि जंतुनाशासाठी उष्णतेवर भिस्त ठेवली. पाश्चर संस्थेत हे मान्य होतं, काम लवकर उरकत होतं, आणि शास्त्र म्हणून त्यात काही चूक नव्हती. पण कार्बोलिक ही एक जास्तीची कडी होती. बाटली वाटेत कुठे मळली तर ती कामाला येत होती.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबात गुजरात जिल्ह्यातलं मलकोवाल गाव. त्या दिवशी १०७ जणांना टोचलं. आठवडाभरात त्यांतल्या १९ जणांचे जबडे आवळू लागले, पाठी धनुष्यासारख्या ताठ झाल्या. धनुर्वात. एकोणीसच्या एकोणीस मेले. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस टोचलेली होती. इतर बाटल्यांतली लस घेतलेल्या ८८ जणांना काहीही झालं नाही.

बाटलीचा क्रमांक ५३-एन. ती परळला ४१ दिवस आधी भरली होती.

चौकशी बसली. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स तिचे अध्यक्ष. त्यांच्यासमोरचा प्रश्न नेमका होता : जंतू बाटलीत परळला शिरले की मलकोवालला? आयोगाने कौल दिला की परळला, कार्बोलिक वगळण्यात धोका होता. हाफकिनला संचालकपदावरून दूर केलं गेलं आणि १९०४ मध्ये तो भारत सोडून गेला.

पण साक्षींतच दुसरी गोष्ट होती. त्या दिवशी बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणात राहतात. चिमटा ज्योतीवर धरायला हवा होता, तो नुसता सौम्य कार्बोलिकमध्ये बुचकळून घेतला गेला. शिवाय टोचणाऱ्या डॉक्टरने सांगितलं की बाटलीला वास नव्हता. धनुर्वाताचे जंतू ४१ दिवस आत वाढत असते तर बूच काढताच नाकात दर्प गेला असता, आणि विष इतकं साठलं असतं की लक्षणं दिसायला आठवडा लागला नसता. १९०६ अखेरीस सरकारने कागदपत्रं छापली तेव्हा हे जगापुढे आलं. मलेरियाचा डास ओळखणारा रोनाल्ड रॉस हाफकिनसाठी उभा राहिला. जुलै १९०७ मध्ये त्याच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहिलं. काहींना ड्रेफ्यूसची आठवण झाली, फ्रान्सच्या सैन्यातला तो ज्यू अधिकारी, ज्याला खोट्या आरोपात गुंतवलं होतं. त्या वर्षाच्या अखेरीस हाफकिनवरचा ठपका निघाला आणि तो कलकत्त्याला परतला, पण माणसांवर नव्या लसींच्या चाचण्या करायची मोकळीक त्याला पुन्हा मिळाली नाही. १९१४ मध्ये त्याने निवृत्ती घेतली. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्याचं नाव दिलं गेलं. १९३० मध्ये तो लोझानला वारला.

हे सगळं वाचताना हाफकिनची कणव येते, आणि यायलाच हवी. पाच वर्षं एका निरपराध माणसाची बदनामी झाली. पण एवढ्या मोठ्या प्रकरणात, आयोग, गॅझेट, लंडनची पत्रं, नोबेलविजेत्याची वकिली, या सगळ्यात जो वाद झाला तो एकाच गोष्टीचा : दोष कोणाच्या माथी? प्रयोगशाळेच्या की गावातल्या पथकाच्या? दोन्हीकडून सरकारी माणसंच. १०७ जणांना टोचण्याआधी काय सांगितलं होतं, परळला पद्धत बदलली आहे हे त्यांना कळायला हवं होतं का, पद्धत बदलण्याआधी ती कोणी बाहेरच्याने तपासायला हवी होती का, मेलेल्यांच्या घरी कोण काय देणार, हे त्या वादाचे प्रश्नच नव्हते. देखरेख होती, पण ती घडून गेल्यावर जागी झालेली आणि वरच्या दिशेने बघणारी. या प्रकरणावर लिहिणारे बहुतेक जण बाटलीचा क्रमांक आवर्जून देतात. माणसं मात्र ‘१९’ राहतात.

आता मी एकदम एक शतक ओलांडते, कारण ही गोष्ट १९३० ला संपत नाही. मधल्या काळात नाझी डॉक्टरांवर खटला चालला आणि १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग संहिता आली. तिचं पहिलंच कलम आहे की माणसाची स्वेच्छेची संमती अनिवार्य आहे, आणि संमती देणारा दबावाखाली नसावा. भारतात वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८० मध्ये धोरण जाहीर केलं आणि २००० मध्ये सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं. कागद आले, समित्या आल्या. मधेच १९९७ मध्ये उघड झालं की याच परिषदेच्या दिल्लीतल्या एका संस्थेने १९७६ पासून गर्भाशयमुखाच्या पेशींत बदल दिसलेल्या १,१५८ बायकांना नुसतं निरखत ठेवलं होतं, आणि काहींचा आजार कर्करोगापर्यंत गेला होता. लेखी संमती का नाही, तर बायका निरक्षर होत्या, तोंडी विचारलं होतं, असं उत्तर आलं.

मग २००९. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची एचपीव्ही लस. एका आंतरराष्ट्रीय संस्थेने दोन राज्यांच्या मदतीने दोन जिल्ह्यांतल्या १० ते १४ वर्षांच्या मुलींना ती द्यायचा प्रकल्प घेतला. एक जिल्हा आंध्रमधला खम्मम. दुसरा वडोदरा, म्हणजे उंडेरा ज्यात आहे तोच.

सात मुलींच्या मृत्यूनंतर २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला. इथे नीट बोलायला हवं, कारण व्हॉट्सॲपवर हे प्रकरण अजून वाकडं होऊन फिरतं. चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध दिसला नाही. कोणी बुडून गेली होती, कोणी सर्पदंशाने, कोणी विष घेऊन. एचपीव्ही लस जगभर कोट्यवधी मुलींनी घेतली आहे आणि ती चांगली लस आहे. माझ्या घरातल्या मुलीला मी ती दिली आहे. दोष लसीत नव्हताच. २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने अहवाल दिला तो संमतीबद्दल. आंध्रमधले ९,५४३ संमतीचे कागद तपासले. १,९४८ वर अंगठे होते. आणि २,७६३ वर मुलीच्या आईचीही सही नव्हती आणि बापाचीही नव्हती. तिथे वसतिगृहाच्या वॉर्डनची किंवा मुख्याध्यापकाची सही होती.

त्या मुली बहुतांश गरीब, कित्येक आदिवासी, आश्रमशाळांत राहणाऱ्या. एका जागी सापडणाऱ्या, एकसारखं खाणाऱ्या, मोजायला सोप्या. भायखळ्याचा तुरुंग १८९७ मध्ये ज्या कारणांनी सोयीचा होता तीच ही कारणं. फरक हा की आता हात वर करायला सांगण्याऐवजी कागद होता, आणि मुलगी ज्याच्या ताब्यात आहे त्यानेच त्यावर सही केली.

काही वर्षांपूर्वी मी एका आरोग्य सर्वेक्षणात माहिती गोळा करायला गावोगाव जात असे. सुई नाही, औषध नाही, नुसते प्रश्न आणि वजन-उंची. तरी चार पानी संमतीपत्र होतं. प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं की सगळं वाचत बसलात तर दिवसाची घरं होणार नाहीत, मुख्य तेवढं सांगा आणि सही घ्या. एका घरी मी वाचायला सुरुवात केली. म्हातारी दोन पानं ऐकून म्हणाली, “ताई, नको म्हनलं तर रेशन बंद नाही ना व्हायचं?” मी म्हटलं, “नाही आजी, रेशनचा याच्याशी काही संबंध नाही. नको असेल तर नको म्हणा.” तिने जरा विचार केला. “मग असू दे. एवढ्या उन्हाची आली तू,” म्हणून तिने अंगठा पुढे केला.

तिला मी माणूस म्हणून विचारलं होतं आणि तिने माणुसकीनेच उत्तर दिलं. संमतीपत्र लिहिणाऱ्यांनी या उत्तराची कल्पना केलेली नसते. समोरच्याला नाही म्हणणं आपल्याकडे उद्धटपणा ठरतो, डॉक्टरला तर विचारायलाच नको. जिथे नाही म्हणायची रीत नाही तिथे हो म्हणाल्याची नोंद कितपत खरी मानायची, याला चार पानांत उत्तर नाही.

तरी ती चार पानं नकोत असं मी म्हणणार नाही. ती रक्त सांडून मिळालेली आहेत. औषधचाचण्यांतल्या मृत्यूंबद्दल स्वास्थ्य अधिकार मंच ही संघटना २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टात गेली. त्यानंतर नियम कडक झाले, काही चाचण्यांत संमती घेताना चित्रीकरण सक्तीचं झालं, आणि २०१९ च्या नव्या नियमांत चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोणी, कशी द्यायची हे लिहिलं गेलं. नीतिसमितीत बाहेरचा माणूस लागतो, कायदा जाणणारा लागतो, आणि एक सामान्य माणूसही लागतो ज्याला शास्त्र कळत नसलं तरी चालतं. उंडेऱ्याच्या ओसरीवर नेमका हाच माणूस नव्हता.

आणि कागदाची एक प्रत भाग घेणाऱ्याला द्यावी लागते. तीवर नीतिसमितीचा संपर्क असतो, जिला चाचणी करणाऱ्या डॉक्टरला न सांगताही फोन करता येतो. केईएमच्या बाहेर बस थांब्यावर मला एकदा एक काका भेटले होते, त्यांच्या बायकोचं नाव कुठल्याशा औषधाच्या चाचणीत होतं. पिशवीतून त्यांनी ती प्रत काढून दाखवली. तिच्यात रिपोर्ट आणि डब्याची चपाती गुंडाळलेली होती. मी शेवटच्या पानावरच्या नंबरावर बोट ठेवून विचारलं, “काका, हा कशाचा आहे सांगितलं का कोणी?”

“तो होय,” ते म्हणाले, “हॉस्पिटलचाच असेल ना.”